मदत हवी आहे: सहा वर्षांच्या भाच्याला टूथलेस ड्रॅगनचा निरोप आत्ताच दाखवू का?

'हाउ टू ट्रेन युअर ड्रॅगन' ही माझ्या लहानपणीची सगळ्यात लाडकी ॲनिमेशनपटांची मालिका. पहिला भाग २०१० चा, शेवटचा २०१९ चा. गेल्या महिन्यात भाच्याला पहिले दोन भाग दाखवले. त्यातला मुलगा हिकप तोंड फिरवून हात पुढे करतो आणि टूथलेस हळूच त्याच्या तळव्याला नाक टेकवतो, ते पाहिल्यापासून हा उशीसमोर तसाच हात धरून बसतो! दुसऱ्या भागात हिकपचे बाबा गेले तेव्हा मात्र खूप रडला, रात्री आईला सोडेना.

आता तिसऱ्यासाठी हट्ट चाललाय. त्यात ड्रॅगन कायमचे निघून जातात. "पुढच्या वर्षी बघू" म्हणून पाहिलं, ऐकत नाही. मालिकेतले इतर भाग लावून दिले, तर "हे नको, शेवटचा" म्हणतो. शेवट आधीच सांगितलेला नाही. मधेच बंद करणं मला पटत नाही, कारण बऱ्याच वर्षांनी हिकप आणि टूथलेस पुन्हा भेटतात तो प्रसंग त्याने बघायलाच हवा.

पाच-सात वर्षांच्या मुलांना हा भाग दाखवलेल्यांनी सांगा: ते पुन्हा भेटतात हे आधी सांगून ठेवलंत, की निरोपाच्या वेळी नुसतं जवळ घेऊन बसलात? आणि मुलं नंतर किती दिवस हळवी होती?