मदत हवी आहे: नारा शहर पायी फिरण्याचा क्रम

नमस्कार मंडळी! आईबाबांना घेऊन जपानला जातेय. क्योतोहून एक अख्खा दिवस नारासाठी ठेवलाय आणि गाईड न घेता पायीच फिरायचंय. किंतेत्सु नारा स्टेशनवरून कोफुकुजी मंदिर, मग हरणांच्या बागेतून तोदाइजी मंदिर, त्याचंच चढावरचं निगात्सुदो सभागृह, कासुगा ताइशा हे शिंतो देवस्थान आणि संध्याकाळी नारामाचीच्या जुन्या गल्ल्या, असा बेत आहे.

तोदाइजीला घाई अजिबात करायची नाही. नानदाइमोन दरवाज्यातल्या 1203 सालच्या लाकडी द्वारपालांसमोर निवांत उभं राहायचंय. आणि बाबांचा जीव अडकलाय तो बोधिसेनात! तिथल्या महाबुद्धाच्या मूर्तीचे डोळे 752 साली या भारतीय भिक्षूने रंगवले. त्याच्या कुंचल्याला बांधलेली लांब दोरी जमलेल्या लोकांनी हातात धरली होती, म्हणजे पुण्य सगळ्यांना मिळावं. तो कुंचला आणि ती निळी दोरी शोसोइन या तिथल्या जुन्या कोठाराच्या खजिन्यात आजही जपून ठेवलीय. बाबा हे सांगताना दरवेळी भारावून जातात.

अडचण आईच्या गुडघ्यांची. निगात्सुदोच्या पायऱ्या तिला झेपतील का, की कमी चढाची वाट आहे? कासुगाच्या दगडी दिव्यांच्या रस्त्यावर खडी कितपत आहे? कासुगापर्यंत बसने जाऊन उलट्या क्रमाने खाली उतरत यावं का?

शिवाय आम्ही पक्के शाकाहारी, आणि तिथे साध्या सूपातही माशाचा अर्क (दाशी) असतो. नारामाचीत खात्रीचं जेवण कुठे मिळेल? ज्येष्ठांना घेऊन गेलेल्यांनी जरूर सांगा.