करडईचं तेल इंजिनात नकोच

गाळून घेतलं की कुठलंही गोडेतेल जुन्या डिझेल इंजिनात डिझेलऐवजी चालतं, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललं होतं, हे खरं. पण आपल्या परभणी-लातूरकडची करडई वेगळी. तिचं तेल हवा लागली की हळूहळू चिकट होऊन सुकतं, म्हणून तर ते रंग-वार्निशातही वापरतात. गाळल्याने हा गुण जात नाही. इंधन फवारणाऱ्या नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात, न जळलेलं तेल खाली उतरून इंजिन ऑईल घट्ट होतं. विहिरीवरचं इंजिन असं जाम झालेलं आमच्याकडे पाहिलंय, ऐन रब्बीच्या पाण्याच्या वेळी.

करंजाचं तेल त्यामानाने कमी सुकतं, पण दाट असतं. ते वापरायचंच तर इंजिन डिझेलवर सुरू करा, तेल चांगलं तापलं की त्यावर घ्या आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर आणा. कॉमन रेलच्या, म्हणजे खूप जास्त दाबाने इंधन फवारणाऱ्या नव्या पद्धतीच्या ट्रॅक्टरला मात्र यातलं काहीच घालू नका.