घोडी घेऊन पुण्याला यायचंय, कुठे राहावं? (जरा तातडीचं)

तापीकाठची: नवऱ्याची बदली पुण्याला झालीये. पावसाळ्याआधी शहाद्याहून हलायचंय. सोबत घोडी आहे, त्यामुळे फ्लॅट बाद. मुळशी, सासवड, शिरवळ अशी नावं ऐकली. कोणती बाजू बरी? घोडा ठेवलेल्यांनीच सांगा. "विकून टाका" हा सल्ला सासरी फुकट मिळतो, इथे नको.

पौडकर: मुळशी. डोळे झाकून. घोटावड्यावरून हिंजवडी जवळ, डोंगर, सकाळची रपेट. अजून काय पाहिजे?

नालबंद_फलटण: पौडकर, तुमच्याकडे घोडा आहे की नुसतं फार्महाऊस? मुळशीत चार महिने चिखल. खूर ओले राहिले की तळाला काळी घाण सुटते, वास मारतो, मग जनावर लंगडतं.
ताई, घोडी किती वर्षांची? एकटीच आहे का? बांधायला जागा स्वतःची घेणार की भाड्याने? आणि साहेबांचं ऑफिस कुठे?

पौडकर: उंचवट्यावर तबेला बांधा, खाली मुरूम टाका. पाऊस काय फक्त मुळशीतच पडतो का?

सातबारा: जमीन घेणार असाल तर शेतकरी दाखला लागेल. नसेल तर शेतजमीन नावावर होणार नाही. एजंट "करून देतो" म्हणतात, नादी लागू नका.

तापीकाठची: जमीन घ्यायचीच नाहीये, भाड्याने हवंय. घोडी मारवाडी जातीची आहे, १९ वर्षांची, सासऱ्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. ऑफिसचा काय संबंध? बघायचं मलाच आहे, ते सकाळी जातात ते रात्री येतात.

नालबंद_फलटण: तोच संबंध. रात्री दोनला घोडीच्या पोटात कळ आली तर तुम्ही एकट्या. घोड्याला उलटी होत नाही, पोट फुगलं की तासांचा खेळ. १९ वर्षांच्या घोडीला आधी डॉक्टर बघा, मग निसर्ग.

शिरवळवाला: म्हणूनच शिरवळ. पशुवैद्यकीय महाविद्यालय गावातच, हायवेला लागून. पाऊस बेताचा, फलटणकडून लसूणघास येतो.

वरात_२०२५: पांढरी घोडी आहे का? मेमध्ये भावाचं लग्न आहे, चाकणला.

बुलेटप्रेमी: या वयात घोडी हलवण्यापेक्षा गावीच कुणाकडे ठेवा. प्रवासाचा ताण किती.

तापीकाठची: काळी आहे आणि वरातीला मिळणार नाही. बुलेटप्रेमी, पहिली पोस्ट वाचा. ऑफिस खराडीला आहे, बस?

नालबंद_फलटण: खराडी! मग इतका वेळ हिंजवडीच्या गप्पा कशाला मारल्या आपण? शिरवळहून खराडी म्हणजे रोज कात्रजची रांग. पूर्वेकडे बघा. लोणीकंद, थेऊर, उरुळी कांचन. कोरडी हवा, उरुळीला बाएफ या पशुपालन-चारा संशोधन संस्थेचं केंद्र असल्यामुळे चाऱ्याचं बियाणं, माहिती दोन्ही मिळतं. रेसकोर्समुळे पुण्यात घोड्याचे डॉक्टर आहेत, उरुळीपर्यंत येतील का हे जागा ठरवण्याआधी फोन करून विचारा.

शिरवळवाला: उन्हाळ्यात उरुळीला सावली दाखवा.

नालबंद_फलटण: पत्र्याखाली बांधू नका एवढंच. उसाच्या वाढ्यांवर (शेंड्याचा हिरवा पाला) मात्र ठेवू नका, तिकडे सगळे तेच सुचवतील. गावचा चारा आठवडाभराचा सोबत आणा, नवा हळूहळू मिसळा.

पशुमित्र: दुसऱ्यांच्या तबेल्यात ठेवणार असाल तर तिथल्या घोड्यांची ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी झालीये का, कागद मागा. पॉझिटिव्ह निघालं तर कायद्याने जनावर मारावं लागतं, औषध नाही. तुमच्या घोडीचीही निघण्याआधी करून घ्या. धनुर्वाताची लस?

तापीकाठची: लस झालीये. रक्ततपासणीचं इथे कुणी बोललंच नव्हतं, उद्याच दवाखान्यात विचारते. उरुळीला भाड्याच्या जागेत सईस (घोडा सांभाळणारा माणूस) मिळेल का? आणि ती एकटी राहत नाही, इथे शेजारच्या म्हशी आहेत.

नालबंद_फलटण: सईस अवघड. रेसकोर्सवर सीझन संपल्यावर एखादा मोकळा असतो. सोबतीला शेळी ठेवा, चालते.

सातबारा: भाडेकरारात जनावराचा उल्लेख करा. तोंडी नको.

पौडकर: खराडीला रिंगरोड झाला की पौडहूनही जवळच पडेल.