सुपरवायझरला आधी काय शिकवावं, यंत्र की माणसं? (अनुभव धागा, वडोदरा)

धागाकर्ती: मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) कारखान्यांत ट्रेनिंगचं बजेट तुटपुंजं, त्यामुळे यंत्राचा आणि माणसं हाताळायचा असे दोन्ही कोर्स एकदम होत नाहीत. आपबीती नको, पद्धत लिहा, कुठे फसतं ते लिहा.

ट्रान्सफॉर्मरवाला: आधी रिजेक्शनचं (नापास मालाचं) रजिस्टर उघडा. तीन महिन्यांच्या नोंदींचे दोन ढीग करा: 'माहीत नव्हतं' आणि 'माहीत होतं, पण बोलला नाही'. दुसरा ढीग हमखास फुगलेला निघतो. उदाहरणार्थ, कोअर-कॉइल (ट्रान्सफॉर्मरचा गाभा आणि त्यावरची वेटोळी) ओव्हनमध्ये वाळली की प्रेसबोर्ड, म्हणजे इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा, आकसतो आणि पकड सैल होते, म्हणून ती पुन्हा आवळायची. तीही झटपट, कारण उघड्यावर इन्सुलेशन परत ओल धरतं. नेमकी त्याच वेळी पाळी बदलली तर? जाणाऱ्याला वाटतं येणारा आवळेल, येणाऱ्याला वाटतं आवळून झालंय. मेगरला (इन्सुलेशन तपासायच्या मीटरला) सैल पकड दिसत नाही, रीडिंग छान येतं. पुढे शॉर्टसर्किटच्या धक्क्याला कॉइल सरकते. टॉर्कचे, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा याचे, दहा कोर्स केले तरी हे थांबणार नाही. पाळी सोपवायच्या वहीत 'आवळलं / नाही' असा रकाना करा आणि दोघांच्या सह्या जॉबसमोर उभं राहून घ्या. ऑफिसात बसून केलेली सही कुचकामी.

ड्रॉइंगवाला: थोडं थांबा. ज्याला ड्रॉइंगवरचा टॉलरन्स (मापात किती फरक चालतो तो) वाचता येत नाही त्याला संवादकौशल्य शिकवलं, तर तो चुकीचंच काम गोड बोलून करून घेईल. व्यवस्थापनाचा अभ्यासक रॉबर्ट कॅट्झनं १९५५ साली मॅनेजरची तांत्रिक, मानवी आणि वैचारिक अशी तीन कौशल्यं मांडली. त्यातही खालच्या पायरीवर तांत्रिक भाग जड आहे.

ट्रेनिंगवाली: मधला रस्ता जुनाच आहे: टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री), सुपरवायझरला काम शिकवायचं कसं ते शिकवणारा कोर्स, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत घडवलेला. दोन-दोन तासांच्या पाच बैठका, गट दहाएक जणांचा. शिकवण्याच्या पायऱ्या चार: माणसाची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मागाहून पाहत राहा. घसरतं तिसऱ्या पायरीवर. 'समजलं ना?' विचारलं की 'हा साहेब' येणारच. त्याऐवजी हात चालू असताना 'हे असं का?' हे त्याच्याच तोंडून वदवून घ्या. चौथी पायरी तर सगळे गाळतात, कारण ती कोर्सच्या बिलात नसते!

पाळीवाला: एक राहिलं. घरी मराठी, शॉपवर गुजराती-हिंदी, स्लाइड इंग्रजी. 'कामगार उशिरा आला' असा प्रसंग वठवायचा सराव सुपरवायझर ज्या भाषेत रागावतो त्याच भाषेत घ्या. इंग्रजीत सगळेच सभ्य असतात.