इफएरर लावून टोटल आली, पण बिलात १० किलो काजूगर फुकट गेले!

फोंडेकर
आमचं फोंड्याला काजूगरांचं छोटं दुकान, चवथीच्या आधी ऑर्डरी खूप असतात. बिलाच्या एक्सेल शीटमध्ये ए कॉलममध्ये ग्रेड (डब्ल्यू२४०, डब्ल्यू३२०, तुकडा), बी मध्ये किलो, आणि रेट दुसऱ्या शीटवरून व्हीलुकअपने (यादीत ग्रेड शोधून रेट आणणारं सूत्र) येतो. काही ओळींत हॅश एन/ए (म्हणजे सापडलं नाही) यायचं आणि त्या एका खणामुळे खालची टोटल पण एन/ए. कोणीतरी सांगितलं इफएरर लाव, एरर आली तिथे शून्य टाक. लावलं, सगळं स्वच्छ दिसायला लागलं, मी खूश. काल गिऱ्हाईक गेल्यावर बघतो तर डब्ल्यू३२० चे १० किलो शून्य रुपयांत! आता टोटल पण यावी आणि चूक पण कळावी असं काही आहे का?

डिचोलीकर
इफएररने चूक दुरुस्त होत नाही रे, झाकली जाते फक्त. इफएनए वापर, ते फक्त एन/ए पकडतं, शून्याच्या जागी शब्द घाल:
=इफएनए(बी२*व्हीलुकअप(ए२,रेट!ए:बी,२,फॉल्स),"रेट नाही")
बेरीज शब्द सोडून देते, म्हणून टोटलच्या बाजूला काउंटइफने किती "रेट नाही" आहेत ते मोज, ० नसेल तर बिल छापूच नको. किलोच्या खणात कोणी "५ किलो" असं लिहिलं तर व्हॅल्यू एरर येईलच, ती दिसायलाच हवी. आणि शेवटचं फॉल्स (तंतोतंत तीच ग्रेड शोध) विसरू नको, नाहीतर एरर न येता भलत्याच ग्रेडचा रेट बसतो, ते तर एन/ए पेक्षा वाईट.

फोंडेकर
केलं, आता सगळीकडे हॅश नेम (सूत्राचं नावच ओळखत नाही) 😭 दुकानातलं एक्सेल २०१० आहे.

डिचोलीकर
अरे मग बरोबर, इफएनए २०१३ पासून आलं. तू असं कर:
=इफ(काउंटइफ(रेट!ए:ए,ए२)=०,"रेट नाही",बी२*व्हीलुकअप(ए२,रेट!ए:बी,२,फॉल्स))

म्हापशेची सून
पण डब्ल्यू३२० यादीत असून सापडत का नाही ते बघितलं का? रेट कुठल्या वेबपेजवरून कॉपी केलेत का? आमच्याकडे मसाल्यांच्या यादीत हेच झालं होतं. रेटच्या शीटवर त्या खणाला लेन (अक्षरं मोजणारं सूत्र) लावून बघा, ४ अक्षरांच्या जागी ५ येतील. वेबवरून येणारी स्पेस वेगळी असते, जादा स्पेस काढणाऱ्या ट्रिमने जात नाही. सब्स्टिट्यूट(ए२,कॅर(१६०),"") करून व्हॅल्यू म्हणून परत पेस्ट करा.

फोंडेकर
लेन ५!! दोन दिवस मी व्हीलुकअपला शिव्या घालतोय. साफ केल्यावर डब्ल्यू३२० लागलं. आता फक्त तुकडा "रेट नाही" दाखवतो, तो खरंच यादीत नाहीये, मामा दर वेळी तोंडीच सांगतात. त्यांना फोन करतो. देव बरें करूं दोघांचंय.