लेकीला एचपीव्हीची लस द्यावी का? घरात एकमत होत नाहीये

धनूची_आई (पुणे, मार्च २०२४)

नमस्कार. माझी मुलगी सहावीत आहे, गेल्या महिन्यात अकरा पूर्ण झाली. सर्दी-खोकल्यासाठी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं होतं. त्यांनी तिच्या फाइलवर पेन्सिलीनं ‘एचपीव्ही’ (गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर ज्या विषाणूनं होतो, त्यावरची लस) लिहिलं, खाली रेघ ओढली आणि म्हणाले, घरी बोलून घ्या, पण फार लांबवू नका.

बोलायला गेलो आणि तिथेच अडलंय. ह्यांचं म्हणणं, आपल्याकडे ही लस नवीन आहे, चार जणांच्या मुलींचं काय होतं ते पाहू. सासूबाई म्हणतात, लग्नाला अजून बारा-पंधरा वर्षं आहेत, आत्तापासून असलं काय टोचायचं पोरीला? जाऊबाईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलं की या लशीनं पुढे मूल होत नाही.

माझ्या मनातून मात्र आत्या जात नाही. ती तुळजापूरजवळच्या खेड्यात राहायची. पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि पुन्हा अंगावरून जायला लागलं. जुन्या लुगड्याच्या घड्या ती रात्री सगळे झोपल्यावर न्हाणीत धुवायची आणि कुणाला दिसू नयेत म्हणून गोठ्यात कडब्याच्या मागे वाळत घालायची. गावातल्या डॉक्टरांनी आत न तपासताच आठ महिने रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. निदान झालं तेव्हा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लघवीच्या पिशवीपर्यंत गेला होता. बावन्नाव्या वर्षी गेली. मी तेव्हा बारावीत होते.

ज्यांनी मुलींना लस दिली आहे किंवा विचार करून दिली नाही, त्यांनी कृपया लिहा.

दोन_लेकींचा_बाप

आम्ही दिली. धाकटी दहा, मोठी तेरा. सीरम कंपनीची सर्व्हाव्हॅक ही आपल्याकडची लस घेतली, डोसाला दोन हजार. दोन डोसांची बाटली होती म्हणून डॉक्टरांनी दोघींना एकाच दिवशी बोलावलं. विषाणूच्या नऊ प्रकारांवरची विदेशी लस आहे, पण तिचा एकच डोस तेव्हा दहा हजारांच्या पुढे जात होता, ती आम्हाला झेपणारी नव्हती. टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, या वयात मुलींना चक्कर येऊ शकते म्हणून. मोठी डावखुरी आहे हे आम्ही सांगायला विसरलो, तिच्या डाव्या दंडावर दिली आणि दोन दिवस तिला गृहपाठ लिहिता येईना. एवढाच त्रास झाला. दुसरा डोस सहा महिन्यांनी.

सावध_पालक

मी अजून दिलेली नाही, कारण सांगतो. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आणि गुजरातेत वडोदऱ्याला हजारो मुलींना ही लस एका प्रकल्पात दिली. सात मुली दगावल्या आणि २०१० च्या एप्रिलमध्ये काम थांबवावं लागलं. आश्रमशाळांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीनं २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. मग विश्वास कसा ठेवायचा?

बार्शीची_सिस्टर

धनूच्या आई, मी निवृत्त परिचारिका आहे. तुमच्या आत्यासारख्या बायका मी वॉर्डात पाहिल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सावध पालकांचं. संमतीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, ती चूक अक्षम्य होती. आईबापाला न विचारता मुलीला सुई लावायची नसते. पण त्या मुली कशानं गेल्या हेही सांगायला हवं. एक खाणीतल्या पाण्यात बुडाली, एकीला साप चावला, एक मलेरियानं गेली, दोघी विषानं. उरलेल्या दोघींचं कारण तितकं स्पष्ट नव्हतं. चौकशीत लशीशी संबंध आढळला नाही.

त्याच गदारोळात देशातला दुसरा एक अभ्यासही थांबवला गेला. त्यात आमच्या बार्शीच्या, पुण्याच्या, मुंबईच्या मुली होत्या. कित्येकींचा एकच डोस झाला होता, पुढचे राहून गेले. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. एचपीव्हीच्या सोळा आणि अठरा नंबरच्या प्रकारांचा टिकून राहणारा संसर्ग एका डोसानंही दोन-तीन डोसांइतकाच अडला. या कॅन्सरच्या शंभरातल्या सत्तर केसेस याच दोन विषाणूंच्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं नऊ ते वीस वर्षांसाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे आपल्याकडच्या या मुलीही आहेत. आपले बालरोगतज्ज्ञ चौदापर्यंत दोन सांगत आलेत. तुमचे डॉक्टर सांगतील तसं करा.

तुमच्या सासूबाईंना एक विचारा. धनू जन्मली तेव्हा तिला काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस दिली ना? एचपीव्हीसारखाच तो आजारही शरीरसंबंधातून पसरतो. तेव्हा कुणी म्हटलं नाही की तान्ह्या पोरीला हे कशाला. लस संसर्गाच्या आधी द्यायची असते, आणि नऊ ते चौदात शरीर तिला सगळ्यात चांगलं उत्तर देतं. विषाणू बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात ठाण मांडतो त्यांना कॅन्सर व्हायला पंधरा-वीस वर्षं लागतात.

मूल न होण्याचं निखालस खोटं आहे. लशीत जिवंत विषाणू नसतो, फक्त त्याच्या वरच्या कवचाचं प्रथिन असतं. उलट गर्भाशयमुख कापावं लागलं तर दिवस राहायला आणि टिकायला अडचण येऊ शकते. आणि तुमच्या यजमानांना सांगा, ऑस्ट्रेलियात २००७ पासून शाळेतच देतात. चार जणांच्या मुलींचं काय झालं ते बघून झालंय.

आता मला तुम्हालाच विचारायचंय. धनू अकरा वर्षांची, म्हणजे तुम्ही चाळिशीजवळ असाल. तुमची स्वतःची तपासणी कधी झाली? उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात एक लाखावर बायकांचा अभ्यास झाला. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्यांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. तेव्हा आम्ही घरोघर बोलवायला जायचो आणि ज्वारी काढणारी बाई विळा खाली न ठेवता म्हणायची, ‘मला काय धाड भरलीय?’ ज्या आल्या, त्यांतल्या काही केवळ आल्या म्हणून आज नातवंडं खेळवतायत. लस धनूसाठी आहे, तुमच्यासाठी ती चाचणी. एका बारीक ब्रशचं काम, पाच मिनिटांचं.

धनूची_आई

सिस्टर, मी एकोणचाळीस. कधीच केली नाही. हे वाचून बराच वेळ मोबाइल हातात धरून बसले.

रात्री सगळं ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ‘एका डोसाचं’ दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, शनिवारी जाऊ. सासूबाई काविळीच्या लशीवर काही बोलल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात भांडी आवरताना हळूच म्हणाल्या की त्यांनाही दोन महिन्यांपासून मधूनच लाल दिसतंय, वय झालं की होतं असं वाटलं. त्या एकसष्टच्या आहेत.

शनिवारी धनूची लस. पण त्याआधी, उद्या सकाळीच, सासूबाईंना घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातेय. माझीही चाचणी तिथेच करून घेते.

बार्शीची_सिस्टर

उद्याच न्या. आणि आत नीट तपासल्याशिवाय कुणी नुसत्या गोळ्या लिहून दिल्या, तर तिथून उठू नका.