नदीतल्या पट्ट्यावर सुरय पक्षी अंडी घालतात. माणसं जवळ गेली की नेमकं काय बिघडतं?

पलूसचा कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमचं रान पलूस तालुक्यात, कृष्णेला लागून. फेब्रुवारी सरताना पाणी उतरलं की नदीच्या मधोमध खडक आणि वाळूचा एक पट्टा उघडा पडतो. जागा कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कृपा करून विचारू नका. त्यावर नदी सुरय अंडी घालतात. पिवळीधमक चोच, डोक्यावर काळी टोपी, लांब दुभंगलेली शेपटी. घरटं म्हणावं असं काही नसतंच. वाळूत पोट घासून केलेला खळगा आणि त्यात दोन-तीन अंडी, नदीच्या गोट्यांच्या रंगाची. माझे वडील मोटर चालू करायला जायचे तेव्हापासून हे पक्षी तिथं आहेत.

अलीकडे गर्दी वाढली आहे. रविवारी पोहायला पोरं येतात, मोठाल्या लेन्सवाले नाव करून थेट पट्ट्यालाच लावतात, यंदा एकानं ड्रोनही उडवला. मला फरक दिसतोय तो पक्ष्यांच्या वागण्यात. पूर्वी मासे धरणाऱ्यांची नाव शेजारून गेली तरी सुरय अंड्यांवरून हलत नव्हते. माणसानं पट्ट्यावर पाय ठेवला तरच डोक्यावर झेपावायचे. आता काठावरच्या करंजाखाली कुणी दिसलं तरी सगळे एकदम उठतात आणि लवकर खाली बसत नाहीत. तेवढ्यात कावळे उतरतात.

गावातली पोरं म्हणतात, "उडतात, परत बसतात, त्यात काय एवढं?" मला त्यांना पटेल असं सांगता येत नाही. उडून परत बसण्यात त्यांचं काय जातं? किती लांब थांबावं? आणि मी रोज मोटरीकडे जातो, त्याचाही त्यांना त्रास होतो का?

मिरजेचे गुरुजी
पलूसकर, पोरांना आधी हे विचारा: भर दुपारी पक्षी अंड्यावर कशाला बसतो? सगळे म्हणतील, उबवायला. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा ४० अंशांपर्यंत जातो आणि उघडी वाळू त्याहून पुष्कळ तापते. अशा वेळी अंड्याला ऊब नको असते, सावली हवी असते. वाळूत अंडी घालणारे पक्षी दुपारी अंड्यांवर उभे राहून अंगाची सावली धरतात. टिटवी तर पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि ओल्या पोटानं अंडी गार ठेवते. दुपारी बारा वाजता तुम्ही पक्षी उठवला की त्या क्षणापासून आतला जीव भाजायला लागतो. पक्षी परत येऊन बसेल, अंडंही तसंच दिसेल, पण त्यातून पिल्लू निघेलच असं नाही. पोरांना हे दिसत नाही म्हणून "काय एवढं" वाटतं.

दुसरं तुम्ही स्वतःच लिहिलंत, कावळे. वाळूत मिसळलेलं अंडं कावळ्याला सहज सापडत नाही. थवा ओरडत उठला की तिथं काहीतरी आहे हे कावळा, घार, कुत्रं सगळ्यांना कळतं. पिल्लं बाहेर आल्यावर तर आणखी कठीण. धोका दिसला की पिल्लं पळत नाहीत, वाळूत चपटी पडून राहतात. फोटो काढायला वर बघत चालणाऱ्याच्या पायाखाली ती सहज येतात.

लांबूनच उडण्याबद्दल. माणूस पुनःपुन्हा थेट अंगावर चालून आला की पक्षी आधीच उडायला लागतो, ते अंतर वाढत जातं. रोज त्याच वाटेनं, त्याच वेळी, न थांबता जाणाऱ्या माणसाची मात्र बहुधा सवय होते. तुमचं मोटरीकडे जाणं त्यातलं. खुशाल जा.

किती लांब, याचा मीटरमधला एकच आकडा नाही. पक्ष्याकडे बघा. बसलेला उभा राहिला, मान ताठ झाली, एखादा ओरडला की तीच हद्द. तिथून मागे सरकायचं. तो उडाल्यावर सरकण्यात अर्थ नाही.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगा. मार्चमधली अंडी गेली तर सुरय पुन्हा घालतात, पण ती एप्रिल-मेवर जातात. उबवायला साधारण तीन आठवडे, पिल्लू उडायला पुढे आणखी काही आठवडे. तोवर जूनचं नवं पाणी येतं आणि न उडता येणारं पिल्लू वाहून जातं. मार्चमधल्या एका रविवारच्या नावेची किंमत ते जूनमध्ये चुकवतात.

नदी सुरय आज धोक्यातल्या प्राणी-पक्ष्यांच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' गटात आहे. पोट काळं आणि चोच नारिंगी असलेला सुरय कधी दिसला तर तो काळ्या पोटाचा सुरय, त्याची अवस्था त्याहून बिकट, तो 'संकटग्रस्त' आहे. एके काळी तोही आपल्या नद्यांवरचाच पक्षी.

वडूजची माणदेशी
ड्रोनबद्दल मी सांगते. येरळवाडीच्या तलावावर हिवाळ्यात पट्टकदंब येतात, हिमालय ओलांडून. ते संकटग्रस्त नाहीत, पण वागणं तेच. डोक्यावर घिरट्या घालणारी वस्तू म्हणजे त्यांच्या लेखी शिकारी. माणूस काठावर आला तर ते पोहत आत सरकतात, ड्रोन आला की अख्खा थवा पाणी सोडून उठतो. परतीच्या प्रवासाची चरबी इथं चरूनच साठवायची असते, आणि तीच अशा उडण्यात जाते. दादा, तुमच्या इथं ड्रोनवर सगळ्यात आधी बोला. नावेला काठ तरी लागतो, ड्रोन कुठूनही येतो.

कॅमेरावाला, कराड
मी फोटो काढतो म्हणून लिहितोय. झेपावणाऱ्या सुरयाच्या ज्या फोटोला लोक 'ॲक्शन' म्हणतात, त्यात अंडी उघडी टाकून आलेले आईबाप असतात. आमच्या बऱ्याच ग्रुपवर घरट्याचे फोटो आता घेतच नाहीत, ते बरोबर आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांना कायदाही दाखवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं येतं. हे ऐकून बरेच जण थांबतात. न ऐकल्यास वन विभागाचा १९२६ हा नंबर आहे.

पलूसचा कृष्णाकाठ
गुरुजी, सावलीचं मला माहीतच नव्हतं. दुपारी ते उभे का असतात याचं उत्तर मिळालं. नावाडी आमच्याच गावचे आहेत, हंगामभर नाव पट्ट्याला लावायची नाही, हे त्यांच्याशी बोलतो. त्यांचा रोजगार बुडणार आहे हे खरं, म्हणून काठावरूनच दाखवायचे पैसे घ्या असं सुचवणार आहे.

पण एक सलतंय. उन्हाळ्यात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेसाठी कोयना धरणाचं पाणी सोडलं की नदी चढते आणि पट्ट्याची खालची कड बुडते. आम्ही पोरांना हाकलायचं आणि अंडी पाण्यानं जायची, असं होतं.

मिरजेचे गुरुजी
होतं, आणि ते पोरांपेक्षा मोठं आहे. पाणी थांबवा असं कुणी म्हणू शकत नाही, पुढं जत-कवठेमहांकाळची तहान आहे. पण एकदम चढवण्याऐवजी टप्प्यानं चढवता येतं का, हे पाटबंधारेवाल्यांना लेखी विचारता येईल. त्यासाठी नोंद लागते: पहिली अंडी कोणत्या तारखेला दिसली, पाणी कधी चढलं, कुठवर आलं. काठावरच्या एखाद्या दगडावर खूण करून ठेवा. अशी नोंद तुमच्याइतकी दुसरं कुणी ठेवू शकत नाही.

पलूसचा कृष्णाकाठ
ठेवतो. मार्चमध्ये शाळेची पोरं काठावर आणली तर चालेल का? दुर्बीण मात्र नाही.

मिरजेचे गुरुजी
आणा, सकाळी आठच्या आत. पट्ट्याकडे तोंड करून चालवू नका, काठानं आडवी न्या आणि करंजाच्या अलीकडेच बसवा. दुर्बिणी मी घेऊन येतो.